हरिकेनवरचा लाल ठिपका इंफाळला नव्हता

नौपाड्यातल्या आमच्या विमानांची मॉडेलं बनवणाऱ्या मित्रमंडळींत एक समज पक्का रुजलाय: हरिकेन (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) म्हटलं की पंखावरच्या ओळखचिन्हाच्या गोलाच्या मधोमध लाल ठिपका हवाच. मॉडेलच्या खोक्यावरचं चित्र १९४० च्या ब्रिटनमधल्या लढाईचं असतं, त्यातून हा घोळ.

भारतीय हवाई दलाची १ नंबरची स्क्वॉड्रन १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळहून हरिकेन उडवत होती. त्या आघाडीवरच्या गोलांत लाल रंग नव्हताच. गडद निळा आणि आत फिकट निळा किंवा पांढरा. कारण साधं: जपानी विमानांचं चिन्ह म्हणजे भलामोठा लाल गोळा. घाईत आपल्याच तोफा आपल्यावर सुटायच्या. अमेरिकेनेही याच भीतीने १९४२ मध्ये आपल्या विमानांवरच्या ताऱ्यातला लाल ठिपका काढला होता. या हरिकेनच्या शेपटीच्या पट्ट्यांतलाही लाल गेला, हे मात्र हटकून विसरलं जातं.

१:७२ च्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या, हरिकेन मॉडेलचा पंखविस्तार जेमतेम १७ सेंटीमीटर, पण चुकीचा ठिपका हातभरावरूनही दिसतो. माझ्या कपाटातल्या जुन्या ‘इंफाळ’ हरिकेनवर तो अजून आहे. स्टिकर खरवडायला गेलो तर खालचा हिरवा रंगही निघतोय.