मुक्तस्रोत वैज्ञानिक आलेखन लायब्ररी : विकास आणि दोषनिवारण

मोजमापांतून किंवा गणनेतून आलेले आकडे रेषा, बिंदू, स्तंभ, समोच्च रेषा, रंगीत जाळ्या अशा रूपांत चितारणारा आणि ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता व पुन्हा वाटता येतो असा प्रोग्रॅमसंच म्हणजे मुक्तस्रोत वैज्ञानिक आलेखन लायब्ररी. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील मॅटप्लॉटलिब, आर भाषेतील जीजीप्लॉट२, ज्युलिया भाषेतील मकी, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या डी३ आणि प्लॉटली ही परिचित उदाहरणे. या नोंदीत मुख्यतः मॅटप्लॉटलिबच्या आधाराने विवेचन केले आहे, कारण तिच्या विकासातील बहुतेक वाद आणि निर्णय उघड्यावर झाले आहेत व आजही तपासता येतात.

इतर सॉफ्टवेअरपेक्षा या लायब्ररीचे काम एका बाबतीत अवघड असते. तिच्यातून बाहेर पडते ते चित्र, आणि चित्र खरे आहे की नाही हे यंत्राला सहजासहजी ठरवता येत नाही. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर चूक तिथल्या तिथे कळते. आलेख मात्र नीटनेटका उमटला आणि त्यात चार बिंदू गळाले, किंवा रंगांनी नसलेली सीमारेषा दाखवली, तर ती चूक शोधनिबंधात छापून येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. चांगल्या आलेखन लायब्ररीची खरी पारख या दुसऱ्या प्रकारच्या चुकांवरूनच करायला हवी.

पूर्वेतिहास : आज्ञा लिहून आलेख काढणारे ग्नूप्लॉट टॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी १९८६ मध्ये सुरू केले, ते अजून वापरात आहे. लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या आलेखांच्या व्याकरणाच्या कल्पनेवर हॅडली विकहॅम यांनी जीजीप्लॉट२ उभारले. मॅटप्लॉटलिबचा जन्म प्रयोगशाळेतल्या अडचणीतून झाला. जॉन हंटर (१९६८–२०१२) हे अमेरिकन मज्जाजीवशास्त्रज्ञ अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूवरील विद्युत् नोंदींचा अभ्यास करत होते. त्यांच्या गटाकडे विश्लेषणाच्या मालकी सॉफ्टवेअरचा एकच परवाना होता आणि त्याची हार्डवेअर-किल्ली (सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला जोडावे लागणारे छोटे उपकरण) सहकाऱ्यांना आळीपाळीने वापरावी लागे. त्यावर उपाय शोधता शोधता हंटर पायथनकडे वळले आणि २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब प्रसिद्ध झाली. मॅटलॅब हे गणनेचे मालकी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ओळखीच्या वाटतील अशा आज्ञा तिच्यात होत्या, आणि तिच्या झपाट्याने झालेल्या प्रसाराचे ते एक मोठे कारण ठरले. हंटर यांच्या अकाली निधनानंतर प्रकल्प स्वयंसेवकांच्या गटाने चालू ठेवला; नमफोकस ही ना-नफा संस्था त्याची आर्थिक पालक आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृष्णविवराच्या पहिल्या प्रतिमेच्या कामातही या लायब्ररीचा उपयोग झाला होता.

रचना : आतून पाहिले तर तीन थर दिसतात. सर्वांत खाली बॅकएंड असतो. तो रेषा प्रत्यक्ष पिक्सेलांत किंवा पीडीएफ, एसव्हीजी अशा सदिश (पिक्सेलांऐवजी रेषा-आकारांचे वर्णन साठवणाऱ्या) स्वरूपांत उतरवतो, आणि खिडकी उघडणे, माउसच्या हालचाली टिपणे ही कामे त्याच्याकडेच असतात. मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा पिक्सेल-बॅकएंड मॅक्सिम शेमानारेव्ह यांच्या अँटी-ग्रेन जॉमेट्री या सी++ लायब्ररीवर उभा आहे. मधल्या थरात आकृती, अक्ष, रेषा, मजकूर या वस्तू असतात. वरचा पायप्लॉट हा थर चटकन आलेख काढण्यासाठी आहे. ‘सध्याची आकृती कोणती’ हे तो स्वतःच लक्षात ठेवतो आणि त्यामुळे दोन ओळींत आलेख निघतो. मोठ्या प्रोग्रॅममध्ये मात्र हीच सोय अंगाशी येते : रेषा भलत्याच चौकटीत जाऊन बसते. म्हणून थोडा मोठा कोड लिहिताना आकृती आणि अक्ष या वस्तू नावाने हाताळाव्यात हा सल्ला सार्वत्रिक आहे, आणि तो पाळण्याजोगा आहे.

प्रत्येक बिंदू विदेच्या (मूळ आकड्यांच्या) निर्देशकांतून अक्षांच्या, मग आकृतीच्या आणि शेवटी पडद्याच्या निर्देशकांत जातो. या रूपांतरणांची साखळी ध्यानात घेतली की नवख्यांच्या निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. मॅटप्लॉटलिबची डिफॉल्ट, म्हणजे वेगळे काही न सांगितल्यास मिळणारी, आकृती ६.४ × ४.८ इंचांची आणि दर इंचाला १०० पिक्सेल, म्हणजे ६४० × ४८० पिक्सेलांची असते. अक्षरांचा आकार पॉइंटमध्ये, म्हणजे इंचाच्या ७२व्या भागात मोजला जातो. साहजिकच आकृती इंचांत लहान केली की अक्षरे तेवढीच राहून एकमेकांवर चढतात. पिक्सेलघनता वाढवली तर सगळेच एकत्र मोठे होते.

बिनबोभाट चुका : लॉग (लघुगणकी) अक्षावर शून्य किंवा ऋण संख्या दाखवताच येत नाही. अशा बिंदूचे काय करायचे हे लायब्ररीला ठरवावे लागते : तो झाकून टाकायचा, की अतिशय लहान धन संख्या मानून चौकटीच्या तळाला ओढायचा? मॅटप्लॉटलिबमध्ये दोन्ही पर्याय आहेत. पहिल्यात रेषा तुटते, दुसऱ्यात ती उभी खाली कोसळते. त्रुटीदंडाचे (मोजमापातील अनिश्चितता दाखवणाऱ्या उभ्या रेषेचे) खालचे टोक शून्याखाली जात असेल तर दुसरा पर्याय सोयीचा पडतो. कोणताही निवडला तरी वाचणाऱ्याला काही गळाले आहे याचा पत्ता लागेलच असे नाही. मोजमापे गटांत विभागून दाखवणाऱ्या स्तंभालेखात आणखी वेगळी गोष्ट घडते. संगणकाच्या द्विमान अंकगणितात ०.१ ची तिप्पट बरोबर ०.३ येत नाही, किंचित अधिक येते. गटांच्या सीमा अशा गुणाकाराने तयार केल्या तर ०.३ हे मोजमाप शेजारच्या गटात जाऊन पडते आणि दोन स्तंभांची उंची चुकते.

मोठ्या प्रतिमांचा प्रश्न याहून खोल आहे. समजा, ५,००० × ५,००० आकड्यांची जाळी ५०० × ५०० पिक्सेलांत दाखवायची आहे. दर १०० आकड्यांना एकच पिक्सेल मिळतो. त्यांतला कोणताही एक आकडा उचलला तर एखादा प्रखर ठिपका नाहीसा होतो, आणि विदेत बारीक आवर्ती रचना असेल तर मूळ विदेत मुळीच नसलेले पट्टे उमटतात. म्हणून मॅटप्लॉटलिबच्या ३.२ आवृत्तीपासून प्रतिमा लहान करताना आकडे आधी गुळगुळीत करण्याची सोय डिफॉल्ट झाली. त्यातून दुसरा प्रश्न निघाला : सरासरी आकड्यांची घ्यायची की रंगांची? ऋण मूल्ये निळी, शून्य पांढरे आणि धन मूल्ये लाल अशी रंगश्रेणी घ्या. शेजारच्या +१ आणि −१ यांची आधी सरासरी काढून मग रंग दिला तर पांढरा पिक्सेल मिळतो. आधी रंग देऊन मग रंगांची सरासरी काढली तर जांभळा. जांभळा रंग त्या श्रेणीत कुठेच नाही, म्हणजे वाचणाऱ्याला त्याचा अर्थ लावता येत नाही. उलट पांढरा पिक्सेल ‘येथे काहीच घडत नाही’ असे सांगतो, आणि तेही खरे नाही. दोन्ही पद्धती लायब्ररीत ठेवाव्या लागल्या. अशा ठिकाणी निर्दोष पर्याय नसतोच; निवड कुठे आणि का केली हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिणे एवढेच विकासकाच्या हाती असते.

डिफॉल्ट मूल्येही याच प्रकारात मोडतात, कारण बहुतेक वापरकर्ते ती कधीच बदलत नाहीत. निळ्यापासून लालपर्यंत जाणारी जेट ही रंगश्रेणी अनेक वर्षे मॅटप्लॉटलिबची डिफॉल्ट होती. तिच्यात उजळपणा सरळ चढत जात नाही. आकाशी आणि पिवळे पट्टे मध्येच चमकतात व सपाट चढणाऱ्या विदेतही कडा असल्याचा भास होतो. रंगांधळ्या वाचकांची तिच्यामुळे पंचाईत होते आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत दोन्ही टोके सारखीच गडद दिसतात. नॅथॅनियल स्मिथ आणि स्टेफान व्हॅन डर वॉल्ट यांनी विरिडिस ही गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत उजळपणा अखंड वाढत जाणारी श्रेणी तयार केली, आणि जानेवारी २०१७ मधील २.० आवृत्तीत ती डिफॉल्ट झाली. या लायब्ररीच्या इतिहासात वैज्ञानिक वाचनावर याहून अधिक परिणाम करणारा बदल क्वचितच झाला असेल.

तारखांची कथाही बोधप्रद आहे. मॅटप्लॉटलिब तारीख ही दिवसांची अपूर्णांकी संख्या म्हणून साठवते. पूर्वी ही मोजणी इसवी सनाच्या आरंभापासून होई. आजच्या तारखा त्यामुळे सात लाखांहून मोठ्या संख्या होत आणि ६४ बिटांत दोन लगतच्या क्षणांतले अंतर सुमारे १० मायक्रोसेकंदांपेक्षा कमी दाखवता येत नसे. जलद नमुने घेणाऱ्या उपकरणांचे बिंदू त्यामुळे पायऱ्यांवर अडकल्यासारखे दिसत. २०२० मधील ३.३ आवृत्तीत आरंभबिंदू १ जानेवारी १९७० केला गेला आणि हे अंतर ०.३ मायक्रोसेकंदांवर आले.

चाचणी : नेहमीच्या चाचण्यांबरोबर येथे चित्रतुलनेच्या चाचण्या असतात. मान्य केलेले संदर्भचित्र कोडच्या भांडारात ठेवतात. कोड बदलला की नव्याने काढलेले चित्र त्याच्याशी पिक्सेलागणिक ताडतात आणि वर्गमाध्यमूळ फरक (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर चाचणी नापास होते. कल्पना सरळ आहे, व्यवहार कष्टाचा. अक्षरे पिक्सेलांत उतरवणाऱ्या फ्रीटाइपची आवृत्ती बदलली तरी प्रत्येक अक्षराच्या कडा सूक्ष्म बदलतात आणि शेकडो चाचण्या एकदम नापास होतात. म्हणून मॅटप्लॉटलिबने चाचण्यांसाठी फ्रीटाइपची २.६.१ ही जुनी आवृत्ती वर्षानुवर्षे पक्की धरून ठेवली. अनेक चाचण्यांत चित्रातला मजकूर काढूनच टाकतात. सहनमर्यादा सैल करणे हा सोपा उपाय, पण धोक्याचा : एका रेषेची जाडी चुकली तर तिचा फरक त्याच सैलपणात लपून जातो. जिथे जमेल तिथे चित्राऐवजी रेषेचे निर्देशक, खुणांची स्थाने आणि मजकुराच्या चौकटी तपासाव्यात. अशी चाचणी वेगाने चालते आणि नापास झाली तर काय बिघडले तेही सांगते.

दोषनिवारण : तक्रार आली की पहिला प्रश्न ‘कोणता बॅकएंड?’ हाच असावा. पडदा नसलेल्या सर्व्हरवर खिडकी उघडणारा बॅकएंड निवडला गेला तर डिस्प्ले सापडत नसल्याची त्रुटी येते. फाइलीत चित्र साठवणारा बॅकएंड निवडला की प्रश्न मिटतो. नवा फॉन्ट बसवूनही तो सापडत नसेल तर बहुधा फॉन्टांची जुनी यादी कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठलेली असते. लाखो बिंदूंची गुंतागुंतीची रेषा काढताना सेल ब्लॉकची (पिक्सेल-बॅकएंडला एका वेळी पेलणाऱ्या कामाची) मर्यादा ओलांडल्याची त्रुटी आली, तर रेषेचे तुकडे करून काढण्याची सेटिंग वापरावी लागते. पायप्लॉटमार्फत उघडलेल्या २० हून अधिक आकृत्या बंद न करता राहिल्या की लायब्ररी इशारा देते. तो दाबून न टाकता आकृत्या बंद कराव्यात, नाहीतर स्मृती भरत जाते.

काही दोष लायब्ररीच्या बाहेर असतात. पीडीएफमधील रंगजाळीत पांढऱ्या बारीक रेषा दिसतात, कारण दर्शक-प्रोग्रॅम शेजारशेजारच्या चौकोनांच्या कडा वेगवेगळ्या गुळगुळीत करतो. फाइल बिनचूक असली तरी वाचणाऱ्याला चित्र सदोषच दिसते, तेव्हा चौकोनांच्या कडांनाही त्यांचाच रंग देणे किंवा जाळीपुरते पिक्सेल-चित्र वापरणे असे मार्ग काढावे लागतात. काही नियतकालिके टाइप ३ (पीडीएफमध्ये फॉन्ट साठवण्याचा एक प्रकार) फॉन्ट असलेल्या फाइली स्वीकारत नाहीत; त्यासाठी टाइप ४२ निवडता येतो. देवनागरी आणि अरबीसारख्या लिप्यांची अडचण याहून मुळातली आहे. अक्षरे एकापुढे एक ठेवत जाण्याच्या साध्या पद्धतीत जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी न येता नंतर पडतो. त्यासाठी हार्फबझसारखे अक्षरजुळणीचे स्वतंत्र यंत्र जोडावे लागते. जगातील फार मोठ्या वाचकवर्गाच्या भाषांत आलेखाचे शीर्षक शुद्ध उमटावे ही अपेक्षा रास्त आहे, आणि तिला मिळालेला अग्रक्रम दीर्घकाळ अपुरा होता.

तक्रारकर्त्याने द्यायची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दोष पुन्हा घडवून दाखवणारा शक्य तितका छोटा कोड. त्यात विदा फाइलीतून न आणता कोडमध्येच लिहिलेली असावी, लायब्ररीची व पायथनची आवृत्ती, कार्यप्रणाली आणि बॅकएंड नमूद असावेत, आणि अपेक्षित व प्रत्यक्ष चित्रे शेजारी असावीत. कोड छोटा करतानाच बऱ्याचदा कारण सापडते. ‘आधीच्या आवृत्तीत चालत होते’ अशी तक्रार असेल तर कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या बायसेक्ट आज्ञेने बदलांचा पल्ला दर वेळी निम्मा करत जातात. हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत हाती लागतो. दुरुस्तीबरोबर तो दोष पकडणारी चाचणी जोडल्याशिवाय मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) ती सहसा स्वीकारत नाहीत.

सुसंगतता : पांडाज (विदा हाताळणारी) आणि सीबॉर्न (सांख्यिकी आलेख काढणारी) यांसारख्या लायब्ररी आलेखांसाठी मॅटप्लॉटलिबवर उभ्या आहेत. त्यामुळे आतल्या एखाद्या गुणधर्माचे नाव बदलले तरी दूरवरचा कोड मोडतो. वगळायची गोष्ट आधी कालबाह्य म्हणून जाहीर करून इशाऱ्यासह दोन उपआवृत्त्या चालू ठेवण्याचा नियम त्यासाठीच आहे. दिसण्यातल्या बदलांना हा नियम पुरत नाही, कारण कोड न मोडताही जुना आलेख वेगळा उमटतो. २.० आवृत्तीत रंग, खुणा आणि समास बदलले तेव्हा ‘क्लासिक’ नावाची शैली सोबत दिली गेली. तिच्या साहाय्याने त्याआधीच्या निबंधांतले आलेख जवळपास मूळ रूपात पुन्हा काढता येतात.