वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार : कोल्हापुरी संदर्भ

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेत जठर लहान केले जाते किंवा अन्नाचा आतड्यातला मार्ग बदलला जातो. त्यानंतर टप्प्याटप्प्याने सुरू करायची आणि पुढे जन्मभर सांभाळायची खाण्याची पद्धत म्हणजे हा आहार. कोल्हापुरात त्याबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : तांबडा-पांढरा कायमचा बंद का? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असे आहे. खरी अडचण तिखटापेक्षा रस्सा मोजून न पिण्याच्या सवयीत आहे. ज्या गावातल्या खानावळीत ताटातले मटण मोजून आणि रस्सा मागेल तितका मिळतो, तिथे ‘अर्धी वाटी’ हे माप पचायला वेळ लागतो.

रूढ शस्त्रक्रिया मुख्यतः दोन. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. एरवी लिटरभर अन्न सहज सामावणाऱ्या जठरात मग साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अमेरिकी शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी बायपासची मूळ पद्धत १९६६ मध्ये सुरू केली. केवळ जागा कमी झाल्यामुळे वजन उतरते असे नाही. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. स्लीव्हमध्ये तोच भाग जात असल्याने पहिले काही महिने भूक फारशी जाणवत नाही. मधुमेह असलेल्यांची साखर तर कित्येकदा वजन उतरण्याआधी, काही दिवसांतच खाली येते. त्यामुळे गोळ्या व इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांकडून लगेच बदलून घ्यावी लागते.

पहिले एक-दोन दिवस फक्त गाळीव द्रव, मग साधारण दोन आठवडे दाट द्रव, पुढे मिक्सरमधून काढलेले, नंतर मऊ आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. दिवसांचा हिशेब प्रत्येक रुग्णालयाचा थोडा वेगळा. पहिल्या टप्प्याला कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात आयता पदार्थ आहे : अळणी. मटण हळद-मीठ घालून शिजवले की मसाला पडण्याआधी काढलेले हे पाणी इथे लहान मुलांना आणि आजाऱ्यांना पूर्वापार देतात. (नाव अळणी असले तरी मीठ असतेच.) ते गाळून, वरची चरबी काढून घेतात. मात्र अळण्याने अंगात ताकद येते हा समज अर्धाच खरा. त्यात प्रथिने थोडी असतात, आणि रुग्णाला रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. ती दाट द्रवाच्या टप्प्यापासून ताक, साय काढलेले दूध, डाळीचे दाट पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर यांतून भागवावी लागतात. पुढे अंडे, पातळ पिठले, मऊ शिजवून कुस्करलेली मटकी, पनीर, मासे, खिमा. आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भाकरी-भात : ताटाचा क्रमच उलटतो.

खाण्याची रीतही बदलते. भाकरीचा पुढचा तुकडा रश्श्यात बुडवून हातात तयार ठेवायची आपली सवय इथे नडते. घास पूर्ण चावून गिळल्यावरच दुसरा मोडायचा. वाटीभर जेवणाला वीस ते तीस मिनिटे लागली तर लागू द्यायची. घाई केली की छातीत अडकल्यासारखे होते, तोंडाला पाणी सुटते आणि उलटी होते. मऊ ब्रेड, मोकळा न झालेला भात आणि चिवट मटण यांच्याबाबत ही तक्रार विशेष. पाणी जेवणाआधी व नंतर अर्धा तास टाळतात, पण दिवसभरात घोट घोट करून दीड ते दोन लिटर पोटात जायलाच हवे. भाकरी रश्श्यात कुस्करून खाणे मऊ म्हणून सोपे वाटते; परंतु द्रवाबरोबर अन्न लवकर पुढे सरकते आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. मिसळीचे तेच : मटकी चालेल, कटावरचा तेलाचा तवंग, फरसाण आणि ब्रेड यांनी गणित बिघडते.

गोड द्रव हा तिखटापेक्षा मोठा शत्रू, आणि हा गुळाचा जिल्हा आहे. उसाचा रस, काकवी, मसाला दूध हे बायपासनंतर झपाट्याने आतड्यात उतरतात. मग १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब सुरू होतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर एकदम उतरून गरगरते. याला डंपिंग म्हणतात. स्लीव्हनंतर हे तुलनेने कमी होते, पण कॅलरी चुकत नाहीत. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचे. परंतु म्हशीच्या दुधात ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो, आणि न तापवलेल्या दुधातून संसर्गाची भीती राहते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर काहींना दूध काही काळ पचत नाही.

अन्न कमी जाते आणि जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत, म्हणून बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम आयुष्यभर घ्यावे लागतात. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचे अंतर हवे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बहुधा पुन्हा येतात. वारंवार उलट्या होत असतील तर मात्र डॉक्टरांकडे जायला थांबू नये : थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) कमी पडून मेंदूला व मज्जातंतूंना इजा होऊ शकते. स्त्रियांनी गर्भधारणा १२ ते १८ महिने पुढे ढकलावी असा सल्ला दिला जातो. बायपासनंतर दारू लवकर व जास्त चढते.

सणवार हा वेगळा विषय. आखाडात घरोघरी मटण शिजते आणि ‘एवढंच? आजारी हाईस काय?’ हा प्रश्न ताटाताटाला येतो. आग्रह मोडणे अवघड जाते, म्हणून बरेच जण लहान ताटली घेऊन बसतात. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस उपवास धरणाऱ्यांना आहारतज्ज्ञ साबुदाण्याऐवजी दही, दूध, पनीर व राजगिरा सुचवतात, कारण साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट. पाण्याशिवायचा कडक उपवास टाळलेलाच बरा.

वजन साधारण १२ ते १८ महिन्यांपर्यंत उतरते आणि मग स्थिरावते. याच सुमारास भूक परतते. पुन्हा वाढणारे वजन बहुतेकदा जेवणातून येत नाही, मधल्या चरण्यातून येते. त्यात भडंग अव्वल : कुरमुरे तोंडात विरघळतात, लहान जठरातही अडत नाहीत, आणि टीव्हीसमोर बसल्या बसल्या तेल-शेंगदाण्यासकट पुडा रिकामा होतो.