पणजोबांच्या वडिलांची नोंद शोधताना: कुठे अर्ज करायचा, काय जोडायचे

सुरुवात मागून करू नका. आधी स्वतःपासून वर चढत वंशावळ लिहा आणि प्रत्येक पिढीला एक तरी कागद लावा: शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, वारसाचा फेरफार (जमिनीचा हक्क बदलल्याची महसुली नोंद), मृत्यूची नोंद. 1870 सालचा कागद हाती असतो, पण त्यातला माणूस आपलाच, हे सांगणारा मधला दुवा नसतो. बहुतेक प्रकरणे इथेच अडतात.

दुसरी गरज मूळ गाव आणि गट नंबराची, म्हणजे जमिनीच्या सध्याच्या क्रमांकाची. त्यावरून जुना सर्व्हे नंबर निघतो. जुन्या दप्तरात आडनाव अनेकदा नसतेच; ‘रामजी बिन बाळाजी’ (बाळाजीचा मुलगा रामजी) एवढेच असते, त्यामुळे नावापेक्षा जमिनीचा माग पक्का.

नकलेचा अर्ज तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात द्यायचा. अर्जात गाव, तालुका, कागदाचा प्रकार आणि अंदाजे साल लिहा. कोर्ट फी स्टॅम्प आणि ओळखपत्राची प्रत जोडा. ‘सर्व जुनी कागदपत्रे मिळावीत’ असे मोघम लिहिले, तर अर्ज तसाच पडून राहतो. गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यू, हक्कनोंद पत्रक, जुने फेरफार, अशी नावे घालूनच मागा. मोजणीचे जुने कागद मात्र भूमी अभिलेख कार्यालयात असतात. नक्कल सही-शिक्क्याची घ्या. कागद सापडला नाही, तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे लेखी घ्या. तोंडी उत्तराचा पुढे काही उपयोग नाही.

वतन, इनाम (सेवेबद्दल किंवा बक्षीस म्हणून मिळालेला हक्क वा जमीन) असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात शोध घ्यावा. पेशवे दप्तर तिथेच आहे. मराठवाडा निजामाकडे असल्याने तिथले जुने कागद बऱ्याचदा उर्दूत मिळतात, इतरत्र मोडी या जुन्या मराठी लिपीत. मोडी कागदाचे लिप्यंतर जाणकाराकडून सही-शिक्क्यासह करून घ्या. जुन्या कागदांवर साल फसली (जुना महसुली सन) किंवा शकात असते; फसली सनात 590 आणि शकात 78 मिळवले की इसवी सन साधारण कळते.

जात पडताळणीसाठी हे करत असाल, तर पुरावा ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा लागतो. सोबत वंशावळीचे शपथपत्र. त्यातली नावे नकलांतल्या नावांशी अक्षरशः ताडून पाहा. फरक असेल तर तो शपथपत्रातच नमूद करा.