आत्याचा गोळ्यांचा डबा आणि बेडकाचं हृदय

आमच्या आत्याच्या गोळ्या बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात असतात. मागच्या पावसाळ्यात तो डबा मी पेपरवर उपडा केला तर चौदा स्ट्रिपा निघाल्या, त्यातल्या काही अर्ध्या कापलेल्या म्हणजे नाव एका तुकड्यावर आणि एक्स्पायरी दुसऱ्यावर, आणि तो दुसरा तुकडा कधीच कचऱ्यात गेलेला. मी स्वतः बी.फार्म केलंय, पण नोकरी दुसऱ्याच लाइनीत त्यामुळे बरंच विसरलेय, तरी दोन स्ट्रिपा शेजारी शेजारी ठेवल्यावर पोटात गोळाच आला. ब्रँड वेगळे, रंग वेगळे, पण बारीक अक्षरात दोन्हीवर एकच नाव, डोनेपेझिल १० मिग्रॅ, अल्झायमर या विसरण्याच्या आजारावरचं औषध. एक गोळी एकटी होती, दुसरीत त्याच्या जोडीला मेमॅन्टाइन, त्याच आजारावरचं दुसरं औषध. न्यूरोवाल्या डॉक्टरांनी एकटी गोळी बदलून जोडगोळी लिहून दिली होती, घरात मात्र नवीन सुरू झाली आणि जुनी बंद झालीच नाही, कारण बंद करा हे वाक्य ओपीडीच्या गडबडीत कुणाला नीट ऐकूच आलं नव्हतं. म्हणजे दीड महिना आत्या रोज २० मिग्रॅ घेत होती.

त्या दीड महिन्यात काय काय झालं ते वहिनीने नंतर आठवून आठवून सांगितलं. आधी पोट बिघडलं, जेवण कमी झालं, मग लघवीला सारखं लागायचं, कधी कधी तिथेच व्हायची. त्यावर दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी लघवी रोखायची गोळी दिली. मग तोंड कोरडं पडलं, पोट गच्च झालं, आणि आठवडाभरात आत्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. घरात सगळ्यांनी मानलं की आजार वाढला. खरं तर आजार जिथल्या तिथे होता, वाढलेल्या फक्त गोळ्या होत्या.

हे असं का होतं ते कळायला थेट बेडकापासून सुरुवात करावी लागते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावात ऑटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी दोन बेडकांची हृदयं काढून खारट पाण्यात धडधडत ठेवली, एकाला जोडलेली व्हेगस नावाची नस विजेने डिवचली, ते हृदय संथ झालं. मग त्या हृदयाभोवतीचं पाणी उचलून दुसऱ्या हृदयावर टाकलं तर तेही संथ झालं, नस न डिवचता! म्हणजे नस विजेचा नुसता झटका देत नाही, टोकाशी काहीतरी रसायन सोडते. हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला, आणि तो सुचला म्हणे झोपेत. पहिल्या रात्री उठून कागदावर खरडलं ते सकाळी स्वतःलाच वाचता येईना, दुसऱ्या रात्री परत तेच स्वप्न पडलं तेव्हा मात्र उठून थेट लॅबच गाठली. १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन, हा शब्द जरा अवघड आहे पण पुढे सगळं त्याच्यावरच आहे म्हणून एकदा मोठ्याने म्हणून घ्या.

हेच रसायन मेंदूत लक्ष देण्याच्या आणि नवीन गोष्ट ध्यानात ठेवण्याच्या कामात असतं. १९७६ च्या आसपास ब्रिटनमधल्या संशोधकांना दिसलं की अल्झायमर होऊन मरण पावलेल्या लोकांच्या मेंदूत हे रसायन बनवणारं एन्झाइम (म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन) खूपच कमी झालेलं असतं. बनवणाऱ्या पेशीच मरतायत, त्यांना परत आणता येत नाही, मग निदान जे बनतंय ते लवकर वाया जाऊ नये असा विचार निघाला. शरीरात हे रसायन साफ करणारं एक एन्झाइम असतं, त्याला थोडं थोपवून धरायचं. टाकीत पाणी कमी येतंय तर खालचा नळ बारीक करायचा, असं. डोनेपेझिल हेच करतं. जपानच्या एसाय कंपनीचं हे औषध अमेरिकेत १९९६ ला मंजूर झालं, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलन्टामाइन ही त्याच घरातली भावंडं. यातलं एकही आजार थांबवत नाही हे स्पष्ट माहीत असलेलं बरं. कुणाला थोडा फायदा दिसतो, कुणाला दिसत नाही, आणि पुष्कळदा फायदा म्हणजे अजून काही महिने स्वतःच्या हाताने जेवता येणं एवढाच असतो, जो मला तरी छोटा वाटत नाही.

आता गोम अशी की हे रसायन फक्त मेंदूत नाही. आतड्यात आहे, मूत्राशयात आहे, लाळेच्या ग्रंथीत आहे आणि बेडकाने दाखवलं तसं हृदयातही आहे. खालचा नळ बारीक केला की पाणी सगळ्याच टाक्यांत चढतं. म्हणून मळमळ, जुलाब, वजन उतरणं, पायात गोळे, आणि सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे नाडी मंदावणं. आत्याची नाडी त्या दिवशी मी मोजली तर ४८ भरली. आधीच्या पंधरवड्यात ती बाथरूममध्ये चक्कर येऊन बसली होती ते आम्ही वयावर ढकललं होतं. त्यात तिची बीपीची गोळी मेटोप्रोलॉल, ती पण नाडी मंद करणारी. हा संयोग डॉक्टर कधी जाणूनबुजून ठेवतात, पण मग नाडीवर लक्ष ठेवून, ईसीजी बघून ठेवतात. त्यांना दुसऱ्या गोळीचं माहीतच नसेल तर काय डोंबल लक्ष ठेवणार.

अ‍ॅसिटिलकोलिन साफ करणारं ते एन्झाइम पूर्ण बंद पाडलं तर काय होतं हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं तेच करतात, फक्त घट्ट चिकटून. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले, तिथे वापरल्या गेलेल्या रसायनांत या जातीचीही होती. तोंडाला फेस, डोळ्यातून पाणी, जुलाब, घाम, मंद नाडी. (गावाकडे त्यालाही औषधच म्हणतात.) डोनेपेझिल म्हणजे विष असं मी अजिबात म्हणत नाहीये, तो परिणाम सौम्य असतो आणि डोस ठरवून दिलेला असतो, पण दिशा तीच आहे, आणि म्हणूनच ५ मिग्रॅने सुरू करून चार ते सहा आठवडे थांबूनच १० वर नेतात. शरीरातून ते निम्मं उतरायलाच जवळपास ७० तास लागतात. त्यामुळे एखाद दिवस गोळी राहिली तर आभाळ कोसळत नाही, आणि राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन दिल्या तर मात्र घोळ होतो. रिव्हास्टिग्मिनचं उलटं, ते लवकर उतरतं, तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर थेट जुन्या डोसवर उडी न मारता डॉक्टरांना विचारून परत खालून सुरू करावं लागतं, नाहीतर उलट्यांनी माणूस हैराण होतो.

रिव्हास्टिग्मिनचा पॅच पण मिळतो, पाठीला चिकटवायचा, चोवीस तासांनी बदलायचा. सोयीचा आहे, पोटाला त्रास कमी. पण नवा लावला आणि जुना काढायचा राहिला, असं होऊन अंगावर दोन दोन तीन तीन पॅच आणि त्यातून ओव्हरडोस अशा घटना जगभर नोंदल्या गेल्यात. सकाळची ताई वेगळी, रात्रीची ताई वेगळी अशा घरात हे सहज होऊ शकतं, तेव्हा नवा लावायच्या आधी पाठ उघडी करून बघा, जागा रोज बदला आणि पॅचवर पेनाने तारीख लिहायची ती चिकटवायच्या आधी.

आता त्या लघवीच्या गोळीकडे येते, कारण खरा घोटाळा तिथे आहे. धोतरा खाल्लेला माणूस कसा बरळतो ते लहानपणी ऐकलं असेल. तोंड सुकतं, बाहुल्या मोठ्या होतात, नसलेलं दिसतं. धोतऱ्यातला अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन हा माल अ‍ॅसिटिलकोलिनला त्याच्या जागेवर बसूच देत नाही (आणि म्हणूनच फवारणीच्या विषबाधेवर दवाखान्यात अ‍ॅट्रोपिनच देतात). बऱ्याच साध्या वाटणाऱ्या गोळ्या याच पद्धतीने काम करतात. लघवी रोखणारं ऑक्सिब्युटिनिन, सर्दीच्या गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामाइन, पोटात मुरडा आला की देतात ते डायसायक्लोमिन, झोप आणि नसांच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, खाज आणि प्रवासातल्या उलटीवरच्या काही गोळ्या. तरण्या माणसाला यांनी नुसती पेंग येते. पण ज्या मेंदूत हे रसायन आधीच कमी आहे त्याला ही धोतऱ्याचीच बारीक मात्रा. एका हाताने डोनेपेझिल द्यायचं आणि दुसऱ्या हाताने हे, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबून गाडी का थरथरते म्हणून विचारायचं.

आणि हे आमच्याच घरी झालं असं नाही. कॅनडातल्या ओन्टारिओमधल्या वृद्धांच्या नोंदी तपासून २००५ मध्ये एक अभ्यास आला, त्यात दिसलं की डोनेपेझिलसारखी औषधं चालू असणाऱ्यांना लघवी रोखायच्या गोळ्या सुरू होण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे एका गोळीचा त्रास हा नवीन आजार समजला गेला आणि त्याला दुसरी गोळी मिळाली. आमच्याकडे तिसरी पण येणार होती. मुंग्या दिसतात, रात्री ओरडते म्हटल्यावर कुणीतरी शांत करायची गोळी सुचवली होती.

या शांत करायच्या गोळ्यांबद्दल जरा थांबून बोलायला हवं. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही मुळात सायकोसिससाठीची, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या मानसिक आजारासाठीची औषधं. २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, १७ चाचण्यांचा डेटा एकत्र बघून यातल्या नव्या पिढीच्या औषधांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, कारण डिमेन्शियाच्या (म्हणजे अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजारांच्या) पेशंटमध्ये साधारण दहा आठवड्यांत या गोळ्या घेणाऱ्यांतले ४.५ टक्के दगावले आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांतले २.६ टक्के. जुन्या पिढीच्या औषधांवरही २००८ मध्ये तोच इशारा आला. तरी मी असं म्हणणार नाही की कधीच देऊ नका. माणूस स्वतःला किंवा बायकोला इजा करायला लागला तर घरातल्यांनी रात्र काढायची कशी, हे ज्यांनी काढलीय त्यांनाच माहीत. पण मग डोस कमी, मुदत ठरलेली, आणि पुढच्या भेटीत बंद करू का हा प्रश्न आपणच विचारायचा. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर यांनी, खासकरून हॅलोपेरिडॉलने, माणूस लाकडासारखा कडक होऊन जिवावर बेतू शकतं, त्यामुळे निदानाचा प्रकार फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असू द्या. आणि एक दोन दिवसात एकदम भ्रम सुरू झाला असेल तर तो बहुतेक वेळा डिमेन्शिया वाढल्याने नसतोच, लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं किंवा नवीन गोळी यातलं काहीतरी असतं. आधी ते शोधायचं.

मेमॅन्टाइनचा रस्ता वेगळा, ते ग्लुटामेट नावाच्या दुसऱ्या रसायनाच्या गोंगाटाला आवर घालतं, आठवड्याला ५ मिग्रॅ वाढवत २० पर्यंत नेतात. ते बाहेर पडतं किडनीतून, म्हणून क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) बघितल्याशिवाय डोस ठरवू नये. आणि यात एक आपल्याकडची भानगड आहे. लघवी अल्कधर्मी झाली की मेमॅन्टाइन शरीरातून बाहेर पडण्याचा वेग जवळपास ८० टक्क्यांनी घटू शकतो. आमची आत्या जेवल्यावर रोज चिमूटभर खायचा सोडा पाण्यात घ्यायची, चाळीस वर्षांची सवय, कोण डॉक्टरला सांगणार! तसंच जिन्को. स्मरणशक्तीची कॅप्सूल म्हणून मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, ३,०६९ लोकांवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २००८ ला दिसलं की त्याने डिमेन्शिया टळत नाही, आणि अ‍ॅस्पिरिनसोबत रक्तस्रावाची भीती मात्र असते.

स्वप्नांचं राहिलंच. डोनेपेझिल रात्री घेतलं की काहींना भयानक जिवंत स्वप्नं पडतात, कारण स्वप्नाची झोप मेंदूत याच रसायनावर चालते. लोवींना ज्याचा प्रयोग स्वप्नात सुचला तेच रसायन हे, मला याची फार गंमत वाटते, आत्याला वाटली नसती. तिची गोळी डॉक्टरांना विचारून सकाळी केली, ओरडणं कमी झालं.

बाकी सगळं त्या डब्यासकट डॉक्टरांसमोर नेऊन ठेवलं. जादाचं डोनेपेझिल बंद, लघवीची गोळी बंद, बीपीची बदलली. दोन तीन आठवड्यांनी मुंग्या गेल्या, नाडी ६० च्या वर आली. दादाने तिथेच विचारलं, एवढा त्रास होतो आणि फरक तर काही दिसत नाही, मग डोनेपेझिलच सोडून का देऊ नये. प्रश्न रास्त होता. ब्रिटनमध्ये २९५ पेशंटवर झालेल्या एका चाचणीत, जी २०१२ ला आली, मध्यम ते तीव्र आजारातही गोळी चालू ठेवणारे बंद करणाऱ्यांपेक्षा थोडे बरे राहिले, आणि त्याच पेशंटच्या पुढच्या नोंदींत, ज्या २०१५ ला आल्या, बंद केलेल्यांना पहिल्या वर्षात नर्सिंग होममध्ये (आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, कायम राहायची काळजी-केंद्रं) ठेवायची वेळ जास्त आली. त्यामुळे बंद करायचीच तर मनाने एका दिवसात नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू आणि फरक बघत बघत. आत्याची १० वरून ५ वर आणलीय, तीन महिन्यांनी परत बघू म्हणाले.

आता फ्रिजवर एक कागद आहे. त्यावर ब्रँडचं नाही तर आतल्या औषधाचं नाव, डोस, कशासाठी, कुणी दिलं, आणि शेवटच्या रकान्यात काय बंद केलं आणि कधी. त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा भुलीच्या डॉक्टरांनाही तोच दाखवला, कारण भूल देताना स्नायू ढिले करायला वापरतात त्यातल्या एका औषधाचा असर डोनेपेझिलमुळे लांबतो. सोड्याचा डबा वहिनीने माळ्यावर टाकलाय. आत्या रोज जेवल्यावर तो मागते, आणि वहिनी रोज तिला सांगते की संपलाय, उद्या आणते.