तोच पिवळा, दोन चेहरे

नवरात्रातला गुरुवार म्हणजे पिवळा. मी आणि माझ्या धाकट्या जावेने एकाच दुकानातून, एकाच गठ्ठ्यातल्या दोन हळदी रंगाच्या सुती साड्या घेतल्या होत्या. सकाळी लोकलच्या डब्यात शिरल्यापासून तिला ‘काय खुललाय गं रंग!’ आणि मला ‘बरं नाही का?’ ती सावळी, मी गोरी. (हे रंग बहुतांशी वारावरून ठरतात आणि वर्तमानपत्रांनी ते गेल्या वीसेक वर्षांत रुजवले. त्यात ग्रहबिह शोधू नयेत. सगळ्यांनी मिळून नटायची मौज आहे, तेवढी पुरे.)

साडी एकच, मग रंगाने माझ्यावरच का दात धरावा?

असंच कोडं पॅरिसमध्ये शेवरल या रसायनशास्त्रज्ञाला पडलं होतं. 1824 मध्ये तो गोबलँ या सरकारी विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथल्या काळ्या रंगाला खोली नाही, अशी तक्रार होती. त्याने लोकर तपासली, तर काळा चोख निघाला. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला की मात्र तो मार खायचा. शेजारचा रंग बदलला की रंग बदललेला ‘दिसतो’, यावर त्याने 1839 मध्ये जाडजूड ग्रंथच लिहिला. त्यात कपडे आणि चेहऱ्याचा वर्णही आला आहे.

आता डोळ्याकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. दृष्टिपटलावरच्या शंकूपेशी, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशी, आपापला प्रकाश मोजतात, पण ते माप जसंच्या तसं पुढे जात नाही. आडव्या पसरलेल्या पेशी आसपासच्या शंकूंचे संदेश गोळा करतात आणि त्यांचा एक हिस्सा मधल्या शंकूच्या संदेशातून वजा करतात. शेजाऱ्याला दाबण्याची ही खोड हार्टलाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हॉर्सशू क्रॅबच्या डोळ्यात पकडली. (नावात खेकडा, नातं जाळं विणणाऱ्या कोळ्यांशी!) दृष्टीवरच्या कामासाठी 1967 च्या नोबेलमध्ये तो वाटेकरी होता. आपल्याकडे ही वजाबाकी लाल-हिरवा, पिवळा-निळा अशा जोड्यांमध्येही चालते आणि मेंदू त्यात भर घालतो. चेहऱ्याभोवती पिवळं रान पसरलं की चेहऱ्यातून पिवळं वजा होतं. उरतो निळसर-जांभळट फिकेपणा.

मग जाऊ कशी सुटली? कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य निळा प्रकाश जास्त शोषतं, तांबडा कमी. रक्तातलं हिमोग्लोबिन 540 ते 580 नॅनोमीटर तरंगलांबीच्या दरम्यान, म्हणजे हिरव्या-पिवळ्यात, प्रकाश शोषून खळगे पाडतं. त्यामुळे वर्ण कोणताही असो, कातडीची छटा नारिंगीकडेच झुकते. मोठा फरक असतो तो उजळपणाचा. आणि किर्शमान या जर्मन संशोधकाने 1891 मध्ये मांडलेला नियम असा, की दोन पृष्ठभागांच्या उजळपणात अंतर कमी असेल तेव्हा रंगाची ही ढकलाढकली सर्वांत जोरात होते. माझी कातडी आणि हळदी साडी उजळपणात जवळजवळ. जावेच्या बाबतीत अंतर मोठं. तिचा चेहरा साडीवर उठून दिसला, माझा साडीने धुऊन काढला.

पटत नसेल तर दोन खणांचे तुकडे घ्या, एक हिरवा, एक लाल. दोन्हींवर एकाच राखाडी कागदाचे नखाएवढे कपटे ठेवा आणि वरून बटर पेपर अंथरा. रंग फिके पडतील, कडा पुसट होतील आणि फरक कमी होण्याऐवजी वाढेल. हिरव्यावरचा कपटा गुलाबी, लालावरचा हिरवट दिसू लागेल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कागद उचलून कपटे अदलाबदल करून बघितले होते.

तेव्हा ‘तुमचा ऋतू वसंत, तुम्ही हेच रंग घाला’ असे तक्ते पैसे घेऊन देणाऱ्यांना एकच विचारावं: कोणत्या उजेडात? कारण उन्हात आणखी एक भानगड होते. साडीवरून उसळलेला प्रकाश थेट हनुवटीखाली पडतो, आणि हा परिणाम उलट्या दिशेचा, साडीच्याच रंगाकडे ओढणारा. दुपारी गच्चीवर काढलेल्या फोटोत माझी हनुवटी खालून पिवळीधमक आहे.

शुक्रवारी हिरवा होता. शेवरलच्या हिशेबाने मी गुलाबी दिसायला हवी होते. निदान तब्येत कोणी विचारली नाही. जाऊ म्हणाली, ‘वहिनी, आज झोप झालेली दिसतेय.’ झाली नव्हती.