दोन उंदीर: एकात माणसाची गाठ, दुसऱ्यात प्रतिकारशक्तीही

मोर्शीकडे आमच्या गावात मोठ्या काकांना मूत्राशयाचा कर्करोग निघाला. दुर्बिणीतून गाठ काढली, मग दर आठवड्याला एक असे सहा वेळा नळीवाटे मूत्राशयात बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, सोडलं. "हे तं लहान पोराच्या दंडाले टोचतेत ना?" काकांनी विचारलं. तेच ते. कॅनडात डॉक्टर मोरालेस यांनी १९७६ मध्ये हा उपचार मांडला. बीसीजीमुळे शरीराच्याच संरक्षक पेशी मूत्राशयात धावून येतात आणि उरलेल्या कर्करोगावर तुटून पडतात.

अशा उपचारांच्या उंदरांवरच्या चाचण्यांच्या बातम्यांत 'माणसाच्या गाठीचा उंदीर' आणि 'ह्युमनाइज्ड उंदीर' हे एकच समजून लिहितात. ते एक नाहीत.

पहिल्यात रुग्णाच्या गाठीचा तुकडा उंदराच्या कातडीखाली बसवतात. साधा उंदीर परका तुकडा टिकू देत नाही, म्हणून प्रतिकारशक्ती जवळपास नसलेली जात वापरतात. तिथे केमोचं औषध पारखता येतं. इम्युनोथेरपी, म्हणजे बीसीजीसारखा प्रतिकारशक्तीला जागं करणारा उपचार, मात्र नाही, कारण जागं करायला पेशीच नसतात.

दुसऱ्यात त्याच जातीच्या उंदराला आधी नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी देतात. दहा-बारा आठवड्यांत त्याच्या रक्तात माणसाच्या टी-पेशी, म्हणजे कर्करोगावर हल्ला करू शकणाऱ्या संरक्षक पेशी, फिरू लागतात, गाठ त्यानंतर बसवतात. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध माणसाचं पीडी-१ (टी-पेशींना आवरणारं त्यांच्यावरचं प्रथिन) ओळखतं, उंदराचं नाही. त्यामुळे या दोन उंदरांपैकी त्याची परीक्षा इथेच होते.

आपल्याकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. फळ संत्र्याचंच येतं, पण डिंक्या, म्हणजे झाडातून डिंक गळण्याचा रोग, किती झोंबेल ते बरंचसं खुंटावर ठरतं. पहिल्या उंदरात डोळा माणसाचा, खुंट उंदराचा. दुसऱ्यात खुंटातही थोडा माणूस आलेला.

थोडाच, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या टी-पेशी उंदराच्याच थायमसमध्ये (छातीतली, टी-पेशी तयार करणारी ग्रंथी) वाढतात. बीसीजीनंतर आधी धावतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, आणि माणसाच्या या पेशी अशा बऱ्याच उंदरांत फार कमी तयार होतात. शिवाय गाठ एकाची, नाळ दुसऱ्याची. मग टी-पेशींनी गाठ कर्करोगाची म्हणून मारली की परक्याची म्हणून, हा प्रश्न उरतोच.

हे सांगितलं तेव्हा काका बाजेवर उठून बसले. "मंग माह्याच गाठीचा न् माह्याच रक्ताचा उंदीर काहून नाई बनवत?"

तसा प्रयत्न चालू आहे, काका. पण मोठ्या वयाच्या माणसाच्या मूळपेशी नाळेतल्या पेशींइतक्या सहज उंदरात रुजत नाहीत.