प्रेषितत्वाची प्रमाणे (दलाइल अन्-नुबुव्वा)

मुहंमद हे खरोखर ईश्वराचे प्रेषित होते, हे बुद्धीने आणि इतिहासाच्या पुराव्याने दाखवता येते का, याविषयी इस्लामी परंपरेत झालेली चर्चा. उर्दू-हिंदीतला ‘दलील’ हा शब्द ‘दलाइल’चेच एकवचन. दलील म्हणजे वाट दाखवणारी खूण, आणि त्यावरून पुरावा. या विषयावर अरबीत स्वतंत्र ग्रंथांची एक परंपराच उभी राहिली. इस्लाम म्हणजे ‘माना आणि गप्प बसा’ असा समज आपल्याकडे बराच पसरलेला आहे. ही चर्चा वाचल्यावर तो टिकत नाही.

चर्चेला धार आली ती आठव्या-नवव्या शतकांतल्या इराकमध्ये. बसरा आणि बगदाद या शहरांत मुसलमानांच्या शेजारी ख्रिस्ती, ज्यू, जरथुश्त्री आणि मानीपंथी राहत होते. इ. स. ७८१ च्या सुमारास खलीफा महदीने पूर्वेकडील ख्रिस्ती चर्चचा प्रमुख तिमथी याला मुहंमदांविषयी थेट विचारले. ते प्रेषितांच्या मार्गाने चालले, असे तिमथीने आदराने सांगितले. प्रेषित मात्र मानले नाही. अशा माणसापुढे कुराणातली वचने ठेवून उपयोग नव्हता, कारण वाद त्या वचनांच्या अधिकाराबद्दलच होता. दोघांना मान्य होईल असे एकच न्यायासन उरले, ते म्हणजे बुद्धी.

मुअतजिला पंथाच्या विचारवंतांनी हे ओळखून युक्तिवादाची पायरी-पायरीने मांडणी केली. जग अनादि नाही, म्हणून त्याला कर्ता आहे. तो कर्ता न्यायी आहे, म्हणून खोट्या माणसाच्या हाताने तो चमत्कार घडवणार नाही. ज्याच्या हातून चमत्कार घडला तो खरा. आणि त्याने आणलेला ग्रंथही खरा. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. ईश्वर आहे असे कुराण सांगते आणि कुराण खरे कारण ते ईश्वराचे, असे म्हटले तर अन्योन्याश्रय दोष होतो. म्हणून ईश्वराचे ज्ञान बुद्धीने आधी झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. या तर्कपद्धतीला ‘कलाम’ म्हणतात. पुढे धर्मशास्त्रज्ञ अशअरी (८७४–९३६) यांनी मुअतजिलांशी फारकत घेतली, पण कलाम सोडला नाही.

विरोधही घरातूनच झाला. इराणमधल्या रय शहरातला थोर वैद्य अबू बक्र अर्-राझी (मृत्यू सु. ९२५) याच्या नावावरचा प्रश्न आजही तितकाच टोकदार आहे: ईश्वराने सर्वांना बुद्धी दिली असताना एकालाच निवडून बाकीच्यांना त्याच्यावर अवलंबून का ठेवले? हे आक्षेप आज मुख्यतः कळतात ते त्याच शहरातला त्याचा विरोधक अबू हातिम अर्-राझी याच्या खंडनग्रंथातून. खोडून काढण्यासाठी का होईना, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याने सविस्तर नोंदवून ठेवले, याबद्दल वाचकाने त्याचे आभारच मानायला हवेत.

मुहंमदांचा मुख्य चमत्कार म्हणून परंपरा कुराणाकडेच बोट दाखवते. ‘शंका असेल तर यासारखी एक सूरा (अध्याय) रचून आणा’ असे आव्हान कुराणातच आहे (२:२३). अरबांना काव्याचा केवढा अभिमान, तरी त्यांनी ते न पेलता युद्ध का पत्करले, हा त्यावरचा युक्तिवाद. पण अनुकरण अशक्य का, यावर एकमत नव्हते. नज्जाम या मुअतजिली विचारवंताच्या मते भाषा अरबांना साधली असती, पण ईश्वराने त्यांना त्यापासून परावृत्त केले. अकराव्या शतकात अब्दुल काहिर जुरजानी यांनी सौंदर्याचे मर्म शब्दांत नसून त्यांच्या परस्परसंबंधांत, म्हणजे रचनेत, असल्याचे प्रतिपादन केले. यातून अरबी साहित्यशास्त्राला मोठी देणगी मिळाली. पुरावा म्हणून मात्र हा युक्तिवाद अरबी न जाणणाऱ्यापर्यंत पोचत नाही. त्याला जाणकारांच्या साक्षीवर विसंबावे लागते, आणि साहित्यातली श्रेष्ठता अलौकिकच असली पाहिजे असेही नाही.

या साऱ्या चर्चेतले सर्वांत प्रामाणिक पान धर्मशास्त्रज्ञ गझाली (१०५८–११११) यांचे आहे. बगदादच्या निजामिया विद्यापीठातले मानाचे पद त्यांनी १०९५ मध्ये सोडले. ज्ञानाची खात्री कशी पटते या प्रश्नाने त्यांना आधी आजारीच पाडले होते. आत्मवृत्तात ते लिहितात: दहा हे तीनांहून जास्त, हे मला ठाऊक आहे. आता कोणी म्हणाला, ‘नाही, तीनच जास्त, पुरावा म्हणून या काठीचा साप करून दाखवतो,’ आणि त्याने माझ्या डोळ्यांदेखत तसे केले, तरी माझ्या ज्ञानाला धक्का लागणार नाही. त्याने हे केले कसे, याचे नवल तेवढे वाटेल. प्रेषिताची ओळख कशी पटवायची तेही याच न्यायाने. थोडे वैद्यक शिकलेल्याला गॅलनचे लेखन वाचून तो वैद्य होता हे कळते, धर्मशास्त्र जाणणाऱ्याला शाफिई हे शास्त्री होते हे कळते. तसे प्रेषिताची शिकवण आचरून, तिचा अंतःकरणावर होणारा परिणाम पाहून त्याची खात्री करावी. काठीच्या सापावरून आणि मुहंमदांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या चंद्राच्या दुभंगण्यावरून करू नये, कारण नुसता चमत्कार जादूही असू शकतो.

मराठी वाचकाला इथे न्यायसूत्रे आठवतील. वेदाचे प्रामाण्य सिद्ध करताना गौतमही मंत्र आणि आयुर्वेद यांचाच दाखला देतात: औषधाचा गुण येतो म्हणून सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, आणि आप्त म्हणून त्याचे वचन प्रमाण. दोन्ही परंपरांचा इथे संबंध आला होता असे नव्हे. पण शब्दप्रमाणाची अडचण सारखी असली की माणसे वैद्याच्याच दारात जातात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. स्पेनमधल्या कॉर्दोव्हाचे तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६–११९८) यांनीही तोच दाखला पुढे नेला. दोघे वैद्य असल्याचा दावा करतात. एक म्हणतो, ‘मी पाण्यावरून चालतो,’ दुसरा म्हणतो, ‘मी रोगी बरे करतो.’ वैद्यकी सिद्ध होते ती दुसऱ्याच्या पुराव्याने.

इतिहासाच्या बाजूने परंपरेने दिलेली मोठी देणगी म्हणजे वार्तेची पारख. मक्का न पाहिलेल्यालाही मक्का आहे हे निश्चित ठाऊक असते, कारण इतक्या लोकांनी संगनमताने खोटे बोलणे शक्य नाही. अशा वार्तेला ‘मुतवातिर’ म्हणतात. बाकीच्या वार्तांसाठी सांगणाऱ्यांची साखळी, म्हणजे ‘इस्नाद’, तपासायची आणि प्रत्येक दुव्याचे चारित्र्य, स्मरणशक्ती नि भेटीगाठी पाहायच्या. तरीही एक खाच राहते. चरित्रकार इब्न इस्हाक ७६७ च्या सुमारास वारले. त्यांचा ग्रंथ इब्न हिशाम यांच्या संस्करणातून आपल्या हाती येतो. मुहंमदांचे निधन ६३२ चे. मधल्या काळात चमत्कारकथा वाढत गेल्या, असे आधुनिक अभ्यासकांचे साधारण मत आहे.

समकालीन पुरावा शोधताना कातडे, पपायरस आणि दगड बोलू लागतात. बर्मिंगहॅम विद्यापीठाकडील कुराणाची दोन चर्मपत्रे एका वेगळ्या हस्तलिखितात चुकून बांधली गेली होती. २०१५ मध्ये किरणोत्सारी कार्बनच्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला: कातडे ५६८ ते ६४५ या काळातले, संभाव्यता ९५.४ टक्के. त्यांवर १८ ते २० या सूरांचे अंश हिजाझी या जुन्या अरबी लिपीत आहेत. चाचणी कातड्याचे वय सांगते, शाईचे नव्हे. तरीही कुराण दोनशे वर्षांत हळूहळू आकाराला आले, हा १९७७ मध्ये जॉन वान्सब्रो यांनी मांडलेला तर्क अशा पुराव्यापुढे तग धरत नाही. येमेनच्या साना शहरात सापडलेल्या एका हस्तलिखितात मात्र पुसलेल्या शाईखाली जुना मजकूर दिसतो, आणि त्यात काही शब्द व सूरांचा क्रम प्रचलित पाठाहून वेगळा आहे. जेरुसलेमच्या ‘कुब्बत अस्-सखरा’ (खडकावरचा घुमट) या वास्तूवरील कोरीव लेखात (हिजरी ७२, इ. स. ६९१-९२) मुहंमदांचे नाव प्रेषित म्हणून आहे.

या साऱ्यावरून सातव्या शतकात मुहंमद होऊन गेले आणि ग्रंथ मुख्यतः त्याच काळातला आहे, हे बळकटपणे म्हणता येते. तो कोणाकडून आला, हे कार्बनची चाचणी सांगू शकत नाही. श्रद्धाळू आणि टीकाकार दोघेही ही रेघ ओलांडतात, तेव्हा पुराव्यावर त्याच्या कुवतीबाहेरचे ओझे लादले जाते. तिसाव्या सूरेतले ‘रूमी (म्हणजे बायझंटाइन) हरले आहेत, थोड्या वर्षांत जिंकतील’ हे भाकीत या रेघेच्या सर्वांत जवळ येते: ६१४ मध्ये जेरुसलेम इराण्यांनी घेतले, ६२७ मध्ये बायझंटाइन सम्राट हेराक्लियसने त्यांना निनेव्हेजवळ हरवले. पण सूरेचा नेमका काळ वादातीत नाही आणि नुसते स्वर बदलून उलट अर्थ देणारा पाठभेदही नोंदलेला आहे. कुराणात आधुनिक विज्ञान शोधण्याची अलीकडची पद्धत याहून पुष्कळच कमकुवत आहे. कुराणात सर्व शास्त्रे शोधण्याला चौदाव्या शतकातच अंदलुसच्या (मुस्लिम स्पेनच्या) शातिबी या धर्मशास्त्रज्ञांनी हरकत घेतली होती.

भारतात ही चर्चा सर्वांत गाजली ती एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला. जर्मन मिशनरी फँडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांच्यात जाहीर वाद ठरला. मौलानांच्या मदतीला डॉक्टर वजीर खान होते. युरोपातच झालेल्या बायबल-चिकित्सेची पुस्तके त्यांनी जमवली होती. ठरलेले विषय पाच होते, पण दोन दिवसांत वाद बायबलच्या पाठशुद्धीवरच अडकला आणि थांबला. मुहंमदांचे प्रेषितत्व आणि कुराण हे शेवटचे दोन विषय तसेच राहिले. १८५७ नंतर मौलाना मक्केला गेले आणि पुढे इस्तंबूलमध्ये त्यांनी अरबीत आपला मोठा ग्रंथ लिहिला; आग्र्याला राहून गेलेले हे दोन विषय त्याच्या अखेरच्या दोन प्रकरणांत आहेत.